किल्ली कुणाकडे असते

तंगाल्लच्या गल्लीत माझी पावाची गाडी शिरली
की गाणं वाजायच्या आधीच कुत्री उठतात.
सगळ्यांच्या सकाळी मी वेळेवर पोचवल्या,
घरची तेवढी राहून गेली.

हेमामाली कुवेतहून परतली त्याला पाच महिने झाले.
सहा वर्षं परक्यांची पोरं भरवून, न्हाऊमाखू घालून ती आली,
तेव्हा आमची सन्दुनी माझ्या पाठीआडून म्हणाली,
"ही मावशी किती दिवस राहणार?"
मी हसलो.
हसायला नको होतं.

भांडणं पैशांवरून होतात, असं शेजारी सांगतात.
तसं नव्हतं. म्हणजे, होतंही.
तिच्या दिनारांतून छप्पर झालं, दार झालं, ही गाडी झाली
आणि काही बाटल्याही झाल्या,
त्यांचा हिशोब मी कुठे लिहिला नव्हता.
जिभेला हाड नसतं. मी बोलून गेलो,
"तुझ्यावाचून सहा वर्षं चाललंच की हे घर."
त्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून निजली.
मग तीच तिची कूस झाली.

पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात गेलो.
पिशवीत बांगडी होती, हप्त्यावर घेतलेली.
म्हातारे भन्ते बोधिवृक्षाखालची वाळू दंताळ्यानं विंचरत होते.
माझं सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता.
मग दंताळ्याच्या टोकानं एक रेघ ओढली.
"पूर्वेला आईबाप. ते तुला जमतं, आईचं औषध चुकत नाही.
पश्चिमेला बायको.
सगळे हात जोडतात उगवतीला,
मावळतीकडे पाठ असते.
तिला काय काय द्यायचं, सांग बघू."
"मान," मी म्हणालो.
"हं."
"वाकडं बोलायचं नाही."
"हं."
"बाहेर नजर जाऊ द्यायची नाही."
"हं."
"दागिना," आणि मी पिशवी पुढे केली.
"दागिना शेवटी येतो, जयतिस्स. त्याच्याआधीचं एक सुटलं.
घराची किल्ली कुणाकडे असते?"

कमरेच्या दोऱ्याला होती.
चालताना मांडीला लागायची, कधी जाणवलं नव्हतं.
त्या दिवशी घरापर्यंत लागत राहिली.

किल्ली आणि बँकेचं पासबुक मी चुलीजवळच्या फळीवर ठेवलं.
"हे काय नवीन नाटक?" ती म्हणाली.
तीन दिवस दोन्ही तिथेच, मिरचीच्या डब्याशेजारी.
मी हात लावला नाही. तिनंही नाही.
दार नुसतं लोटलेलं असायचं.

गुरुवारी उरलेले बन घेऊन परतलो तर दाराला कुलूप.
आपल्याच घरापुढे चोरासारखा उभा.
कडी जुनी आहे, खांद्याचा एक धक्का पुरे,
आणि खांदा तयारही झाला होता.
त्या आवेशाला मी चांगला ओळखतो,
बाटलीआधी तोच यायचा.
पायरीवर बसलो.
मुंग्यांची रांग बनाच्या पिशवीकडे वळली, वळू दिली.
समोरची पियसीली दोनदा डोकावून गेली,
गावभर होणार आता. होवो.

दोन वाजता सन्दुनी शाळेतून आली.
"तात्ता, बाहेर का बसलास?"
"किल्ली अम्माकडे आहे."
बोललो आणि ऐकलं,
हे वाक्य या तोंडातून पहिल्यांदाच निघालं होतं.
ती शेजारी बसली. आम्ही एकेक बन खाल्ला,
मग मुंग्यांचाही खाल्ला.
ऊन पायरीवरून उतरून नारळाच्या बुंध्याशी गेलं.
पोरगी चुळबुळायला लागली, पाय एकमेकांत अडकवून.

गल्लीच्या त्या टोकाला हेमामाली दिसली,
शिवणाच्या कापडाचं गाठोडं डोक्यावर, घामेजलेली,
मागे मावळतीचं ऊन, तोंड नीट दिसत नव्हतं.
सन्दुनी उभी राहून ओरडली,
"अम्मा, पळत ये! मला शूला जायचंय!"

ती पळाली. गाठोडं रस्त्यातच टाकून पळाली.
कुणी कुणाला काय हाक मारली
हे त्या घाईत तिला कळलं की नाही, कोण जाणे.
कुलूप निघालं, दार मात्र अडलं.
जरा उचलून घ्यावं लागतं, मी सांगणारच होतो.

तिनं उचलून घेतलं.

गाठोडं आणायला मी गेलो.
बांगडी अजून पावाच्या ट्रेखाली आहे.